आठ नंबरचे बूट

“काही नाही झालं. दार लाव आधी, वाफ जातेय!”

रोंडा लहान होती तेव्हा सॉनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, दाराशी तिनं हा आवाज ऐकला. आवाज तिच्या वडिलांचा. शनिवारची संध्याकाळ होती, बाहेर गुडघाभर बर्फ, आत तापलेल्या दगडांवर पाणी पडून चर्र होत होतं. बादली आत सरकवायला तिनं दार उघडलं आणि कंदिलाच्या तांबूस उजेडात तिला वडिलांचा पाय दिसला. अंगठा काळा पडला होता, विझलेल्या लाकडासारखा. “बाबा, हे काय झालं?” एवढंच ती म्हणाली, त्यावरचं हे उत्तर. ते रागाचं नव्हतं. लाजेचं होतं, हे कळायला तिला पुढे पुष्कळ वर्षं लागली.

तिनं दार लावलं. त्या थंडीत अंगठा गेला. बर्फ वितळायच्या सुमारास गुडघ्याखालचा पाय गेला. आणि सरोवरानं पुन्हा बर्फ धरायच्या आत बाबाही गेले. त्या घरात ‘मधुमेह’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. चर्चमधल्या बायका विचारायच्या, “एइनोचं कसं काय?” आणि आई म्हणायची, “ठीक आहे, जरा पाय दुखतोय.” उरलेला पाय दुखत होता की गेलेला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आता रोंडा स्वतः पन्नाशी ओलांडून गेली होती. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत गाड्यांच्या परवान्यांच्या खिडकीवर ती बसायची. गाव तेच, सरोवर तेच, जहाजांत लोहखनिज भरायचा उंच धक्का तसाच पाण्यात पाय रोवून उभा. सकाळी खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, “काय रोंडा, कशी आहेस?” आणि तो पुढचा शब्द बोलायच्या आत ती म्हणायची, “मस्त! तुम्ही?” तुमच्याआमच्या कचेऱ्यांत, घरांत, गल्लीत हेच चालतं. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, आणि सांगणाऱ्यालाही ते सोयीचंच असतं.

पण मस्त काहीच नव्हतं. डॉक्टरांनी तिला केव्हाच सांगितलं होतं की रक्तातली साखर फार वाढलीय, पायांकडे लक्ष ठेवा, दर तीन महिन्यांनी दाखवायला या. ती पहिल्यांदा गेली, दुसऱ्यांदा गेली नाही. घरी नवऱ्याला, डेलला, म्हणाली, “डॉक्टर म्हणतात, थोडं वजन उतरव. बाकी सगळं उत्तम.” आधी पायांना मुंग्या यायच्या. रात्रभर चालायच्या. मग एक दिवस मुंग्याही निघून गेल्या, वारूळ ओस पडावं तसे पाय ओस पडले. बोटांच्या जागी कुणी कणकेचे गोळे चिकटवल्यासारखं झालं. आंघोळीचं पाणी किती तापलंय ते ती हातानं बघू लागली. अनवाणी चालणं सोडलं. रोज संध्याकाळी मोजे काढताना ती दुसरीकडे बघायची, कारण खाली बघितलं आणि अंगठा काळा असला तर?

अशा बाईनं धावायला जायचं ठरवावं, याचं नवल वाटेल. पण तिच्या मनाचा हिशोब ऐका. वाचनालयाच्या भिंतीवर तिनं पाटी वाचली होती: नवशिक्यांचा धावण्याचा गट, दर शनिवारी सकाळी धक्क्यापाशी, थंडीभर सराव आणि बर्फ गेल्यावर दीपगृहापर्यंतची धाव. धावणाऱ्या माणसाला आजारी कोण म्हणेल? शिवाय तिच्या मनात खोल कुठेतरी एक वेडी आशा होती. जमिनीवर जोरात पाय आपटत गेलं तर झोपलेले पाय जागे होतील.

“तू धावणार?” डेल हसला. तो काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा, त्याला कशाचीच घाई नसायची. “मागे अस्वल लागलंय का?”

“लागलं तर आधी तुला खाईल. तू जास्त भरलेला आहेस.”

“गट चालवणारी बाई काय म्हणते?”

“म्हणते, पहिल्या दिवशी बाकी काही आणू नका, फक्त धड बूट आणा.”

“मग घे की. जत्रेतल्यासारखे दहा डॉलरवाले नको. धड घे.” आणि तो पुन्हा ट्रकच्या साखळ्या पुसायला लागला. त्याला काही दिसलं नाही. दिसू नये याची तिनं चोख व्यवस्था केली होती.

दिसलं ते लेम्पीआत्याला. लेम्पी ही एइनोची धाकटी बहीण, रोंडाची सख्खी आत्या, आयुष्यभर शाळेत गाणं शिकवून आता एकटी राहणारी. तिच्या मागच्या अंगणात गावातला सगळ्यात जुना सॉना होता. दर शनिवारी दोघी तिथे बसायच्या. म्हातारी दगडांवर ओंजळीनं पाणी टाकायची आणि आज्यांकडून आलेली गाणी तोंडातल्या तोंडात गुणगुणायची:

वाफे गं वाफे बाई, घर तुझं लाकडाचं,
माझिया दुखण्याला नाव कुणी ठेवायाचं?
वाफे गं वाफे बाई, दगडाला फुटे घाम,
माझिया ओठांवर मौनानं केला मुक्काम.

त्या शनिवारी गाणं मधेच थांबलं.

“रोंडा, पायात काय आहे तुझ्या?”

“मोजे.”

“ते दिसतंय मला, आंधळी नाही झाले अजून. सॉनात मोजे? आपल्या सात पिढ्यांत कुणी घातलेत का? उद्या कोट घालून आंघोळ करशील!”

“बोटांत चिखल्या झाल्यात, आत्या. तुझ्या फळ्यांना लागायला नको.”

लेम्पीनं त्या मोज्यांकडे एकदा नीट पाहिलं. दगड थंड होत आले, बाहेर सरोवराचा घोगरा आवाज वाढत गेला. मग तिनं टॉवेल खांद्यावर घेतला आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “बूट घ्यायला जाणार आहेस म्हणे. मी पण येते. मला काय, घरी बसून भिंती मोजायच्या.”

“बरं, ये,” म्हणत रोंडानं मोजे आणखी वर ओढले.

पुढच्या शनिवारी धुकं इतकं दाट उतरलं की धक्का दिसेना, नुसता जहाजांना इशारा देणारा भोंगा ऐकू येत होता. दर थोड्या वेळानं तो हंबरायचा, जणू पाण्यातलं एखादं जनावर कळपाला शोधत होतं. डेलनं दोघींना दुकानाशी सोडलं आणि ट्रक समोरच लावून तो कॉफी पीत बसला. “घ्या सावकाश,” म्हणाला. “मी इथेच आहे.”

दुकान लहान, उबदार, नव्या रबराच्या वासाचं. आत एक काटकुळी मुलगी पळत्या पट्ट्यावर हरणासारखी पळत होती. रोंडाला वाटलं, इथून पळून जायचं असेल तर हीच वेळ. तेवढ्यात मालक पुढे आला. नील त्याचं नाव, चाळिशीचा, टक्कल पडलेला.

“मी काही धावणारी वगैरे नाही हं,” रोंडा आधीच म्हणाली. “नुसती सुरुवात करतेय.”

“इथे येणारा प्रत्येक जण हेच सांगतो. आतली ती पट्ट्यावरची पण.” त्यानं स्टूल ओढलं. “बूट काढा, इथे उभ्या राहा.”

तिनं बूट काढले. जाड काळे मोजे मात्र काढले नाहीत. नीलनं मापाची पट्टी टाचेशी लावली. “नऊ. धावताना पाय फुगतो, म्हणजे साडेनऊ घेऊ.”

“मी आठ घालते. लग्नाच्या आधीपासून.”

“लग्नाच्या आधीचं माझंही बरंच काही आता बसत नाही.”

लेम्पी खुदकन हसली. रोंडाही हसली.

साडेनऊचे बूट पायात आले. नील म्हणाला, चालून बघा. ती चार पावलं चालली आणि तिनं काचेच्या कपाटाचा कोपरा धरला. जमीन खाली होती की नव्हती, तिला उमगेना.

“कुठे टोचतंय?”

“नाही.”

“बोटांना? टाचेला?”

“नाही, नाही. पायात काही घातलंय असं वाटतच नाही.”

“वा!” नील खूश झाला. “चांगल्या बुटाची खूणच ही.”

“नको पण. ढगळ आहेत. पडेन मी यात.” तिचा आवाज उगाच वर गेला. “आठ नंबर दाखवा. प्लीज.”

नीलनं आत्याकडे पाहिलं, आत्यानं धुक्याकडे. त्यानं आठ नंबरचे आणले. रोंडानं ते पायांत कोंबले, नाडी इतकी आवळली की बोटांच्या पेरांवर वळ उठले. आणि मग, विहिरीच्या तळातून कुणी ओ द्यावी तसं, पायाकडून काहीतरी आलं. दाब. अंधुक, दूरचा, पण दाब! माझा पाय! तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हेच. हेच द्या.”

“बाई, हे तुम्हाला लहान पडतात.”

“मला माझे पाय माहीत आहेत.”

“बरं. बाहेर कोपऱ्यापर्यंत पळून या. आमच्याकडची रीतच आहे, पळून बघितल्याशिवाय आम्ही बूट देत नाही.”

ती पळाली. कित्येक वर्षांनी पळाली. धुकं तोंडावर गार लागत होतं, भोंगा हंबरत होता, दुकानांचे दिवे मागे पडत होते, आणि प्रत्येक पावलाला ती घट्ट मूठ तिच्या पायाभोवती आवळत होती, सांगत होती की आहे, अजून आहे. डेलनं ट्रकच्या काचेतून अंगठा वर केला. तिनंही केला. तिला वाटलं, सुटलो आपण! बाबांच्या वाटेनं नाही जात आपण!

धापा टाकत ती परतली. “बघा, काही झालं का मला?”

नीलनं तिच्या पायांतले बूट उतरवले. “शेवटचं एक दाखवतो. बुटातला हा सुटा तळ बाहेर काढतो, त्यावर उभ्या राहा. पाय कुठवर जातो ते तुमचं तुम्हीच बघा.” त्यानं उजव्या बुटातला सुटा तळ बाहेर ओढला आणि त्याचा हात थांबला.

त्या पांढऱ्या तळावर, अंगठ्याच्या जागी, तांबडा डाग होता. ओला.

“मोज्याचा रंग गेला असेल,” रोंडा म्हणाली.

“काळ्या मोज्याचा?” नील हळूच म्हणाला.

तेवढ्यात टक् टक् असा बारीक आवाज आला. लेम्पीआत्या बाकावर बसून रोंडाच्या जुन्या बुटाच्या तळाला नखानं टकटक करत होती. घालून आली होती तोच बूट, उजवा.

“इकडे ये, रोंडा.”

तळाशी निळ्या डोक्याची पिन रुतली होती. कचेरीतल्या फळ्यावर नोटिसा लावतात, तसली. डोकं झिजून सपाट झालं होतं. आत्यानं तिचा हात धरला आणि तिचं बोट बुटाच्या आत नेलं. आत, अंगठ्याच्या जागी, पोलादी टोक वर आलं होतं, आणि भोवतालचं कापड रक्तानं वाळून कडक झालं होतं.

“केव्हा घुसली ही?”

रोंडा बघत राहिली. आज? सोमवारी? त्याच्या मागच्या आठवड्यात? ती या टोकावर उभी राहिली होती, या टोकावर जिने चढली होती, या टोकावर उभं राहून तिनं लोकांना सांगितलं होतं की मी मस्त आहे. आणि तिच्या पायानं तिला एक शब्दही कळवला नव्हता!

“मी... मागे औषधाची पेटी आहे, आणतो,” नील म्हणाला. पट्ट्यावरच्या मुलीला त्यानं खूण केली, ती पट्टा थांबवून त्याच्या मागे आत गेली. दुकानात दोघीच उरल्या.

“म्हणून मोजे,” आत्या म्हणाली. “म्हणून आठ नंबर. घट्ट असलं की कळतं, नाही का? थोडंसं तरी कळतं.”

रोंडानं मान हलवली.

“डेलला ठाऊक आहे?”

“नाही. आणि तू सांगायचं नाहीस. आत्या, शपथ आहे तुला.”

“का?”

“बोललं की खरं होईल गं. आज एक शब्द बोलले की उद्या डॉक्टर, परवा अंगठा, मग... तू बघितलंयस. मी बघितलंय. डेल माझ्याकडे तसं बघायला लागेल, जसं आई बाबांकडे बघायची. मला ते नकोय.”

“आणि न बोलता जे झालं ते काय खोटं होतं?” म्हातारीचा आवाज चढला नाही, पण त्याला धार आली. “ऐक. तुझ्या बाबाच्या घरावरून मी रोज शाळेत जायचे. रोज! खिडकीतून हात करायचा तो. हसायचा. मला वाटायचं, भाऊ बरा आहे. मला एकानं सांगितलं असतं ना, की पाय काळा पडलाय, तर पाठीवर टाकून नेलं असतं मी त्याला. तेव्हाही औषध होतं, रोंडा. उशीर नव्हता झाला. पण तुमच्या घरात सगळे शूर! दुखलं तरी बोलायचं नाही, पडलं तरी बोलायचं नाही. त्यानं स्वतःची लाज राखली आणि आम्हाला काही करूच दिलं नाही. एवढंच केलं त्या मुकेपणानं. पाय वाचवला नाही, माणूस वाचवला नाही. फक्त आम्हा सगळ्यांना दाराबाहेर ठेवलं.”

बाहेर भोंगा वाजला. रोंडा खाली बघत होती. हळूच तिनं वाकून उजवा मोजा सोलला. खाली बघायचं नाही, हा तिचा नेम तिनं त्या बाकावर मोडला.

अंगठा काळा नव्हता. पण बरा म्हणावा असाही नव्हता. पिनेच्या जागी खोल भोक, त्याच्या कडा पांढुरक्या, भोवतीचं कातडं लालजांभळं, आणि तो लाल रंग पावलाच्या वरच्या बाजूला सरकत चाललेला. दुसऱ्या कुणाचं तरी पाऊल बघावं तसं ती ते बघत राहिली. मग तिला हुंदका फुटला.

“वाचेल का गं?”

“मला काय ठाऊक? मी गाणं शिकवायचे.” लेम्पीनं तिचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. “पण आज दाखवलंस तर आजचाच उशीर आहे. उद्या दाखवलंस तर उद्याचा. तुला वाटतं, सांगितल्यावर डेल तुझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल. बघू दे की! नवरा आहे, बघणं त्याचं काम आहे. त्याला बघायला काही दिलंस का तू?”

नील औषधाची पेटी घेऊन आला. त्यानं जखमेवर स्वच्छ पट्टी बांधली आणि साडेनऊचा बूट सैल करून तिच्या उजव्या पायात अलगद घातला. “गाडीपर्यंत हा राहू द्या. आज मी तुम्हाला काही विकत नाही. डॉक्टर धावा म्हणाले की या. तुमच्यासारखे बरेच येतात, आणि धावतात. माप घेऊन, पाय तपासून, रोज बुटात हात घालून. पण धावतात.”

वाचकहो, इथे थांबून एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. सोसणं हा गुण आहे, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात, आणि थंडीच्या, कष्टाच्या गावांत त्याची गरजही असते. पण सोसणं वेगळं आणि लपवणं वेगळं. ज्याला दुखतं तो सोसू शकतो. ज्याचं दुखणंच मेलंय, त्याला वाचवायला दुसऱ्याचे डोळे लागतात, आणि ते डोळे उघडायचे तर आधी त्याला तोंड उघडावं लागतं. साखरेच्या रोगाची लाज कसली? तो पाप नाही, आळसाची शिक्षा नाही. ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी रोज रात्री एकमेकांचे तळवे बघावेत. आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांनी “कसं काय?” विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबावं. एवढं केलं तरी कितीतरी पाय चालते राहतील.

रोंडा उठली. “तू चल ना माझ्याबरोबर,” ती म्हणाली.

“मी इथे बसते. शपथ घातलीयस ना? मी सांगणार नाही. ते तुझं तूच सांगायचं.”

दुकानाच्या दारापासून ट्रकपर्यंत फार तर पंधरा-वीस पावलं असतील. धुक्यात ती संपता संपेनात. खाली बघत, प्रत्येक पाऊल कुठे पडतंय ते डोळ्यांनी जोखत ती चालली. डेलनं आतून दार ढकललं. त्याच्या मांडीवर खिमा-बटाटा भरलेल्या पास्टीचा कागद होता, मिशीला तुकडे लागले होते.

“आत्या कुठेय? आणि हे काय, एकाच पायात नवा बूट?” तो हसला. “एकेक घेतला की स्वस्त पडतो वाटतं!”

ती चढून बसली. पाय आत घेतला, दोन्ही हातांनी उचलून, जसं सामान उचलतात तसा. ते त्यानं पाहिलं. हसू मावळलं. पण तो काही विचारेना. विचारायची त्यालाही कुणी सवय लावली नव्हती.

समोरच्या काचेवर धुक्याचे थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते. रोंडानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“डेल, मला माझे पाय जाणवत नाहीत. दोन्ही. मधुमेह आहे मला, पहिल्यापासून ठाऊक होतं. तुझ्याशी खोटं बोलले. उजव्या अंगठ्यात पिन घुसली होती आणि मला कळलंच नाही. मला फार भीती वाटतेय. आता, या क्षणी, मला इस्पितळात घेऊन चल.”